पर्याय, समानार्थ आणि व्युत्पत्ती : इंग्रजी शब्दांच्या अध्यापनपद्धतीची खानदेशी उदाहरणांच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन इंग्रजीच्या अध्यापनात शब्दसंपत्ती वाढविण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत तीन रकान्यांची यादी सर्वांत लोकप्रिय आहे. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्याचा मराठी अर्थ आणि तिसऱ्यात त्याचे समानार्थी इंग्रजी शब्द. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांनी ही यादी अधिकच रूढ केली. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत योग्य पर्यायावर खूण करतो आणि गुण मिळवितो. परंतु तोच विद्यार्थी जेव्हा चार वाक्ये स्वतः लिहावयास बसतो, तेव्हा पाठ केलेल्या शब्दांपैकी कोणता कोठे वापरावा, याविषयी त्याच्याजवळ काहीच निकष नसतो. साध्या अर्जात तो न्यायालयीन शब्द घालतो आणि गंभीर निबंधात बाजारातला.

या दोषाचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या ग्रामीण पार्श्वभूमीवर फोडले जाते. वस्तुतः दोष यादीच्या रचनेत आहे. शब्दाचा उगम व त्याचा प्रवास वगळून केवळ अर्थ आणि पर्याय दिले, म्हणजे सर्व शब्द एका पातळीवर येतात. त्यांचे वय, कुळ व प्रतिष्ठा यांतील भेद पुसला जातो. हा मुद्दा जळगाव व धुळे या परिसरातील व्यवहारशब्दांच्या आधारे तपासणे उचित ठरेल, कारण येथील बाजारपेठेतील अनेक शब्द इंग्रजीत गेलेले आहेत आणि इंग्रजीतील अनेक शब्द येथे स्थिरावलेले आहेत.

‘पर्याय’ या शब्दाचा अर्थ

इंग्रजीतील ‘सिनोनिम’ हा शब्द ग्रीकमधून आला. ‘सह’ आणि ‘नाव’ या अर्थाचे दोन घटक त्यात आहेत; त्यांतील दुसरा घटक संस्कृत ‘नामन्’चा सगोत्र आहे. अनेक नावे एका वस्तूवर एकत्र नांदतात, अशी ती कल्पना. मराठीने संस्कृतातून घेतलेला ‘पर्याय’ हा शब्द मात्र वेगळे सुचवितो. त्याचा मूळ अर्थ क्रम, पाळी, फेरा असा आहे. एका शब्दाच्या जागी दुसऱ्या शब्दाची पाळी येणे, हा पर्याय. पाळी केव्हा येते, हा प्रश्न त्या शब्दातच गर्भित आहे. ‘समानार्थी’ या अलीकडच्या शालेय संज्ञेने तो प्रश्नच नाहीसा केला.

याद्यांविषयीचे प्रेम आपल्याकडे इंग्रजीबरोबर आले, असे मात्र नव्हे. अमरकोशाने शतकानुशतके पाठशाळांतून नामांच्या माळा मुखोद्गत करून घेतल्या. त्या माळांचा उपयोग छंदोबद्ध रचनेत होता. वृत्तात दोन अक्षरांची जागा असेल तर एक शब्द, चार अक्षरांची असेल तर दुसरा. अग्नी वा कमळ यांची नावे तेथे बऱ्याच अंशी परस्परांच्या जागी बसू शकत. इंग्रजी गद्यात असा अदलाबदलीचा व्यवहार चालत नाही. पीटर मार्क रॉजे याचा प्रसिद्ध ‘थिसॉरस’ १८५२ साली निघाला. त्यात शब्द कल्पनांच्या वर्गवारीने एकत्र आणले होते आणि मनात अर्थ असूनही नेमका शब्द न सुचणाऱ्या लेखकाला ते साधन मदत करीत असे. ज्याला भाषा आधीच येते, त्याच्यासाठी तो ग्रंथ होता. आपण अमरकोशाच्या पाठांतराची सवय रॉजेच्या साधनाला लावली आणि जो विद्यार्थी भाषा शिकतो आहे त्याच्या हाती ते दिले. मार्गदर्शक पुस्तकांतील रकान्यांचे मूळ या संकरात शोधावे लागते.

दोन भाषांचे थर

इंग्रजी शब्दसंग्रहाचे ठळक थर सर्वपरिचित आहेत. अँग्लो-सॅक्सन मूळ, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आलेली फ्रेंच भर आणि प्रबोधनकाळात वाढलेला लॅटिन-ग्रीक शब्दसाठा. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ आणि ‘इंटरॉगेट’ ही त्रयी नेहमी उदाहरणादाखल दिली जाते. पहिला शब्द घरातला, दुसऱ्यात थोडा संशय वा औपचारिकता, तिसऱ्यात पोलिसी चौकशीची छाया. सामान्यतः जुना देशी शब्द सोपा व जवळचा, तर लॅटिन शब्द लांबचा व भारदस्त, असा तेथील नियम सांगता येतो.

मराठीचेही थर आहेत, परंतु त्यांचा हिशेब असा सरळ नाही, आणि येथेच अध्यापकाची फसगत होते. ‘मदत’, ‘सुरू’, ‘जमीन’, ‘हवा’, ‘जागा’ हे शब्द फारसी-अरबी मार्गाने आले. तरी निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडी तेच असतात. ‘साहाय्य’, ‘प्रारंभ’, ‘भूमी’, ‘वायू’, ‘स्थान’ हे संस्कृत शब्द मात्र भारदस्त. म्हणजे इंग्रजीत जवळचा शब्द बहुधा देशी असतो. मराठीत तो उसना असूनही जवळचा असू शकतो. ‘बिगिन’ला ‘सुरू करणे’ आणि ‘कमेन्स’ला ‘प्रारंभ करणे’ असे जोडले तर दोन्ही भाषांतील पायऱ्या जुळतात. परंतु शुद्धतेच्या आग्रहाने ‘बिगिन’लाही ‘प्रारंभ’ दिला, की विद्यार्थ्याच्या मनात इंग्रजीतील दोन पायऱ्यांची एकच होते. पुढे तो दोन्ही शब्द कोठेही वापरतो, यात नवल नाही.

न्यायव्यवहारात दोन्ही भाषांचे साम्य लक्षणीय आहे. इंग्रजी न्यायालयाची भाषा फ्रेंच शब्दांनी भरलेली आहे, तर मराठी न्यायालयाची ‘वकील’, ‘दावा’, ‘फिर्याद’, ‘अर्ज’, ‘हुकूम’ अशा शब्दांनी. परकीय दरबाराची भाषा कज्जे आणि महसूल यांत सर्वाधिक टिकते. खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत होती, ही गोष्ट धुळे-जळगावच्या विद्यार्थ्याला नॉर्मन विजय समजावून देताना अधिक उपयोगी पडेल.

बाजारपेठेतील शब्द

जळगावच्या भरिताचे वांगे हे इंग्रजी पर्यायांच्या अध्यापनासाठी उत्तम उदाहरण आहे. यादीत ‘ब्रिंजल’, ‘ऑबर्जिन’ व ‘एगप्लांट’ हे तीन समानार्थी शब्द दिलेले असतात. वस्तू एकच, हे खरे. परंतु पहिला शब्द प्रामुख्याने भारत व आसपासच्या देशांत, दुसरा ब्रिटनमध्ये, तिसरा अमेरिकेत चालतो. हे अर्थाचे पर्याय नसून प्रदेशाचे आहेत. त्यातही पहिल्या दोहोंचे मूळ एकच. संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाला, अरबीने त्याला ‘बाधिंजान’ केले व आपले ‘अल्’ हे उपपद जोडले. इबेरियन द्वीपकल्पात पोर्तुगीज ‘बेरिंजेला’ आणि कॅटलान ‘आल्बर्जिनिया’ अशी रूपे झाली. कॅटलान रूप फ्रेंचमार्गे इंग्लंडला गेले. पोर्तुगीज रूप जहाजांतून भारतात परत आले आणि येथल्या इंग्रजीत ‘ब्रिंजल’ म्हणून राहिले. मराठी ‘वांगे’ही याच शब्दकुळाशी जोडले जाते, आणि संस्कृत शब्दाच्याही मागे द्राविडी मूळ असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ‘एगप्लांट’ हा मात्र या कुळाबाहेरचा. अंड्यासारख्या पांढऱ्या, लहान जातीवरून अठराव्या शतकात इंग्रजांनी तो बनविला. बामणोदच्या बाजारातील हातभर लांबीचे हिरवट वांगे समोर ठेवून हा शब्द शिकविला, तर वर्गात हशा पिकेल, पण शब्द विसरला जाणार नाही.

केळ्याचे तसेच. ‘बनाना’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील भाषांमधून पोर्तुगीज-स्पॅनिश मार्गाने इंग्रजीत आला. परंतु हिंदुस्थानातील इंग्रज दीर्घकाळ केळ्याला ‘प्लँटेन’ म्हणत. जुन्या कोशांवर विसंबून आजही हे दोन शब्द समानार्थी म्हणून दिले जातात. आजच्या इंग्रजीत ‘प्लँटेन’ म्हणजे सामान्यतः शिजवून खाण्याचे केळे. रावेर-यावलच्या बागाईतदाराने आपल्या निर्यातमालाच्या पत्रात हा जुना पर्याय वापरला, तर परदेशी ग्राहकाचा गैरसमज अटळ आहे.

कापसाच्या व्यापारात तर शब्दाची चूक थेट पैशात मोजली जाते. ‘कॉटन’ या इंग्रजी शब्दात झाड, बोंडातला तंतू, सूत आणि कापड हे सर्व सामावते. मराठीत त्यासाठी कपाशी, कापूस, रुई, सूत असे स्वतंत्र शब्द आहेत. ‘कॉटन म्हणजे कापूस’ एवढे सांगून भागत नाही. ‘कॉटनची साडी’ सुती असते. व्यापारी इंग्रजीने ही उणीव ओळखली आणि सरकीसह असलेल्या मालासाठी ‘कपास’ हा आपलाच शब्द ठेवून घेतला. सरकी काढलेल्या रुईला ‘लिंट’ म्हटले. कापसाचा भाव क्विंटलवर आणि रुईचा भाव खंडीवर सांगतात. ही खंडी इंग्रजी बाजारवृत्तात ‘कँडी’ अशी लिहिली जाते व ती सुमारे ३५६ किलोची असते. कापसातून वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते. वाणिज्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला ‘कॉटन’ व ‘कँडी’ यांचे केवळ शब्दकोशी अर्थ ठाऊक आहेत, त्याला ते बाजारवृत्त उलगडणार नाही. ‘कँडी’चा अर्थ तो गोळ्या-मिठाई असा घेईल.

मिठाईवाचक ‘कँडी’चा प्रवास पुरेसा स्पष्ट आहे. संस्कृत ‘खंड’, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, मग इटालियन-फ्रेंच आणि इंग्रजी. वजनवाचक ‘कँडी’ मराठी-तेलुगू ‘खंडी’वरून थेट व्यापारात शिरली. दोन्ही शब्दांना एकाच ‘खंड’ धातूखाली बसविण्याचा मोह होतो. रूप जुळते, म्हणून कुळ जुळलेच पाहिजे असे नाही. पहिल्याच्या बाबतीत टप्पे दाखविता येतात, दुसऱ्याच्या बाबतीत ‘खंडी’च्या मागे जाताना तितक्या निश्चितपणे दाखविता येत नाहीत. (इंग्रजी-मराठी कोश पूर्ण करणाऱ्या टॉमस कँडी यांच्या आडनावाचा या दोहोंशी काही संबंध नाही, हेही वर्गात सांगून टाकलेले बरे.)

या मालिकेतील सर्वांत बोलके उदाहरण ‘जिन’चे आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या भागांत ‘जिनिंग’ हा शब्द मराठीच झाला आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात हिंदी कापसाला मागणी वाढली, त्याच दशकात लोहमार्ग खानदेशात आला आणि पुढे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. ‘जिन’ हे ‘एंजिन’चे तुटलेले रूप. ‘एंजिन’ लॅटिन ‘इंगेनियम’पासून, ज्याचा अर्थ जन्मजात बुद्धी वा कौशल्य, ‘इंजीनियस’ हा त्याचाच भाऊबंद. मद्यवाचक ‘जिन’ संपूर्णपणे निराळा. तो ज्युनिपर या झुडपाच्या नावावरून डच-फ्रेंच मार्गाने आला. या दोहोंना एका शब्दाचे दोन अर्थ म्हणून शिकविणे चूक आहे. ते दोन शब्द आहेत आणि योगायोगाने त्यांचे लेखन एक झाले आहे.

येथे एक विलक्षण देवघेव घडलेली दिसते. हातयंत्राने सरकी काढण्याच्या देशी साधनाला एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात ‘चुरका’ म्हटलेले आढळते, म्हणजे आपली चरखी. इंग्रजांनी जुन्या यंत्रासाठी आपला शब्द घेतला. आपण नव्या यंत्रासाठी त्यांचा. यंत्र ज्याचे, शब्द त्याचा. ‘चुरका’ त्या यंत्राबरोबर इंग्रजीतून मावळला आणि ‘जिन’ येथे राहिला.

घरचा शब्द परका होऊन परतणे

परत आलेले शब्द अध्यापकाला सर्वाधिक चकवितात, कारण ते ओळखीचे वाटतात. ‘ठग’ हा शब्द झाकणे, लपविणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडला जातो. मराठीत ठग म्हणजे फसविणारा, लुबाडणारा. स्लीमन यांच्या मोहिमा आणि मेडोज टेलर यांची १८३९ मधील कादंबरी यांमुळे तो इंग्रजीत दृढ झाला. पण तेथे फसवणुकीचा अंश गळून दांडगाई तेवढी उरली. आज इंग्रजी ‘थग’चे भाषांतर ‘ठग’ असे करणे सरळ चुकीचे आहे. ‘गुंड’ हाच त्याला योग्य शब्द. ‘शॅम्पू’ हा चांपणे-दाबणे या क्रियेवरून आला व आरंभी त्याचा अर्थ मालिश असाच होता. ‘मंगूस’ तर आपल्या मुंगुसाचाच. ‘गूस’ या पक्ष्याशी त्याचे नाते नाही, म्हणून त्याचे अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही. व्याकरणाचा हा एक नियम व्युत्पत्तीच्या एका वाक्याने कायमचा लक्षात राहतो.

कोशकारांची तीन धोरणे

या विषयाची मराठीतील परंपरा सामान्य नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि विस्तारित दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदी अशा उगमाची खूण देण्याची पद्धत त्यात आहे. बोलीतील, ग्राम्य समजले जाणारे शब्दही त्यांनी टाळले नाहीत. अर्थ देताना ते एका इंग्रजी प्रतिशब्दावर थांबत नाहीत. शब्द कोणत्या प्रसंगी येतो, हे सांगतात. इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली टॉमस कँडी यांनी सिद्ध केला, तेव्हा दिशा उलटली. इंग्रजी शब्द शीर्षस्थानी आला आणि मराठी शब्द त्याच्यापुढे रांगेत उभे राहिले. पुढील इंग्रजी-मराठी कोशांत इंग्रजी शब्दाचा उगम सांगण्याची प्रथा फारशी रुजली नाही. मराठी शब्दाला कुळ विचारणारा अभ्यासक इंग्रजी शब्दापुढे मात्र केवळ अर्थावर समाधान मानू लागला.

यूल व बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या शब्दांचा हा कोश प्रत्येक शब्दाखाली कालानुक्रमाने जुनी अवतरणे देतो. शब्द प्रथम कोठे, कोणत्या रूपात भेटला, याचा पुरावा वाचकासमोर राहतो. त्याची मर्यादाही उघड आहे. तो शब्द साहेबाच्या कानाने ऐकलेला आहे; ज्या माणसाकडून साहेबाने तो ऐकला, त्याच्या भाषेतील त्याचे आयुष्य तेथे दुय्यम ठरते.

तिसरे धोरण धुळ्याशी निगडित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या नावाने १९२७ साली तेथे स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचा धातुकोश व नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध केला. एका व्यक्तीने केलेली ही शब्दसाधना थक्क करणारी आहे. तथापि आदर राखूनही एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. इतिहासलेखनात ज्या राजवाड्यांनी अस्सल कागदाखेरीज विधान करू नये असा दंडक घातला व गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, त्यांनीच व्युत्पत्तीच्या क्षेत्रात रूपसाम्य पुष्कळदा पुरेसे मानले. मराठी शब्दापासून थेट संस्कृत धातूपर्यंत ते एका झेपेत जातात. मधल्या प्राकृत टप्प्यांचा लेखी दाखला अनेकदा नसतो आणि द्राविडी भाषांकडून आलेल्या शब्दांना पुरेशी जागा मिळत नाही. ‘अडकित्ता’, ‘खलबत्ता’ यांसारखे शब्द कन्नडचे ऋण सांगतात. ‘मुंगूस’ही तेलुगू-कन्नड रूपांच्या शेजारीच तपासावा लागतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांचा मराठीवरील ग्रंथ या बाबतीत अधिक संयमी आहे. वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली त्याचा मराठी अनुवाद उपलब्ध केला, पण महाविद्यालयीन वर्गांत राजवाड्यांच्या झेपेचे जेवढे कौतुक झाले तेवढे ब्लॉक यांच्या सावधपणाचे झाले नाही. याच झेपेची नक्कल करून इंग्रजी शब्दही संस्कृतातून ‘काढून’ दाखविण्याची हौस अधूनमधून व्याख्यानांत दिसते. सगोत्र शब्द आणि उसना शब्द यांतील भेद तेथे नाहीसा होतो. इंग्रजी ‘नेम’ आणि संस्कृत ‘नामन्’ हे एका पूर्वजाचे वंशज आहेत. ‘कँडी’ हा मात्र ‘खंड’पासून प्रत्यक्ष प्रवास करून गेलेला आहे. पहिले नाते भावंडांचे, दुसरे मायलेकरांचे.

राजवाड्यांचा आधार घ्यावयाचा तर तो त्यांच्या दुसऱ्या एका लेखनातून घ्यावा. ‘मराठीवर फारशीचा परिणाम’ या विवेचनात त्यांनी निरनिराळ्या काळांतील मराठी पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्द मोजले व शिवकाळानंतर त्यांचे प्रमाण कसे उतरले, हे दाखविले. येथे ते पुन्हा कागदावर उभे आहेत. आजच्या जिनिंगच्या हिशेबवह्या, बाजार समितीची पत्रके व सहकारी संस्थांची इतिवृत्ते घेऊन इंग्रजी शब्दांची अशीच मोजदाद कोणत्याही महाविद्यालयाच्या भाषा व वाणिज्य विभागांना एकत्र येऊन करता येईल.

अहिराणीची बाजू

धुळे जिल्ह्यातील व जळगावच्या पश्चिम भागातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला, म्हणजे तो घरच्या भाषेत सांगितला, असे होत नाही. त्यांच्या घरी अहिराणी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचे विवेचन मराठीच्या खंडात नाही. ते १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या भागात आहे. ‘मना’, ‘तुना’ यांसारखी षष्ठीची रूपे गुजरातीची आठवण करून देतात. या वर्गीकरणावर पुढे मतभेद झाले आणि ते स्वाभाविक होते. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने त्यातील तथ्य दुर्लक्षिता येत नाही. ‘सन’ या इंग्रजी शब्दाला ‘पुत्र’ हा अर्थ दिला, की ‘आंडोर’ म्हणणारा विद्यार्थी एका अपरिचित शब्दाकडून दुसऱ्या अर्धपरिचित शब्दाकडे जातो. जुना जर्मानिक ‘सन’ हा इंग्रजीतला अगदी घरगुती शब्द. त्याला घरगुती शब्दच भेटावयास हवा. तीन रकान्यांच्या यादीला चौथा रकाना जोडणे कठीण नाही. कठीण आहे ते त्या रकान्यातील शब्द अशुद्ध नाही, हे अध्यापकांनी स्वतः मान्य करणे.

व्यवहाराने ही मान्यता काही अंशी आधीच दिली आहे. २०१६ साली जळगावच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सरकारी इंग्रजी नोंदीत त्याचे नाव ‘जळगाव भरीत ब्रिंजल’ असे लिहिले गेले. त्या नोंदीत ‘ऑबर्जिन’ नाही, ‘एगप्लांट’ नाही, आणि ‘भरीत’ या शब्दाला इंग्रजी पर्याय शोधण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.